फेसवॉश निवडणारा गृहस्थ

फेसवॉश निवडणारा गृहस्थ हा मराठी मध्यमवर्गात गेल्या वीसएक वर्षांत चांगलाच फोफावलेला प्रकार आहे. त्याआधी त्याला चेहरा नव्हता असे नाही; पण तो अंगाचाच भाग समजून आंघोळीत उरकला जाई. पुणे, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत हा गृहस्थ विपुल आढळतो आणि तालुक्याच्या गावीही आता दुर्मीळ राहिलेला नाही. वय साधारण तीस ते पंचावन्न. स्कूटरमध्ये कोणत्या ग्रेडचे ऑइल पडते हे त्याला तोंडपाठ असते. तोंडाला काय लागते हे मात्र विचारावे लागते, आणि विचारायची त्याला लाज वाटते. त्याच्या सगळ्या वर्तनाचा उगम या लाजेत आहे.

त्याची जडणघडण साबणावर झालेली असते. लाइफबॉय भारतात १८९५ पासून विकला जातो, सिंथॉल १९५२ मध्ये आला. या दोहोंच्या दरम्यान आणि नंतरही कुटुंबाला एक वडी हाच नियम राहिला. त्याच वडीने डोके, तोंड, पाठ आणि शाळेतून आल्यावर पाय धुतले जात. झिजून पातळ झालेला तुकडा नव्या वडीला चिकटवणे ही घरातल्या वडीलधाऱ्यांची कला होती. साय, हळद, डाळीचे पीठ हे चेहऱ्याचे लाड बहिणींच्या वाट्याला जात. मुलाला उटणे लागायचे ते वर्षातून एकदा, नरक चतुर्दशीच्या पहाटे, तेही दुसऱ्याने खसाखसा चोळून. पाठोपाठ मोती साबण. बाकीचे दिवस चेहऱ्याकडे लक्ष देणे म्हणजे ‘नट्टापट्टा’, आणि नट्टापट्टा करणारा मुलगा परीक्षेत मागे पडतो असा घरातला सिद्धांत होता.

साबणाने तोंड धुण्यात नेमके काय बिघडते, हे या गृहस्थाला कधीच पटत नाही, कारण त्याची कसोटीच उलटी असते. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले, हसताना कातडी ओढली गेली, की तो समाधान पावतो: ‘आत्ता कसं स्वच्छ वाटलं!’ वास्तविक ही ओढ म्हणजे त्वचेची स्वतःची तेलकट साय निघून गेल्याची तक्रार असते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो. साबण म्हणजे तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून बनलेला क्षार. त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात जातो. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणाची प्रतवारी त्यातल्या एकूण स्निग्ध द्रव्याच्या प्रमाणावर होते: पहिल्या प्रतीत किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. हे वेष्टनावर छापलेले असते आणि वेष्टन फाडून फेकलेले असते. मात्र पहिल्या प्रतीचा साबणही अल्कधर्मीच, हे विसरता येत नाही. साबण नसलेली, कृत्रिम पण सौम्य प्रक्षालकांची वडी अमेरिकेत १९५७ साली डव्हच्या रूपाने बाजारात आली. ट्यूबमधला आजचा फेसवॉशही बहुधा याच सौम्य प्रक्षालकांच्या जोरावर चालतो. बोअरवेलच्या जड पाण्यात या भेदाचा प्रत्यय लगेच येतो. साबण त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून बादलीच्या कडेला आणि गालावर चिकट थर धरतो. फेसवॉश तसे करत नाही. नळाचे पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावांत हा मुद्दा जाहिरातीतल्या कोणत्याही दाव्यापेक्षा मोलाचा आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

पहिल्या खरेदीचे निमित्त सहसा बाहेरून येते. एखादी भाची भर समारंभात विचारते, ‘काका, तुमच्या नाकावर ते काळं काळं काय आहे?’ आणि काका त्या रात्री प्रथमच आरशाजवळ जातात. एरवी त्यांची आरशाशी ओळख दाढीपुरती, म्हणजे नाकाखालच्या अर्ध्या भागाची. २०२० च्या टाळेबंदीने या बाबतीत मोठी उलथापालथ केली. ऑफिसच्या बैठका पडद्यावर भरू लागल्या आणि आयुष्यात कधी स्वतःकडे सलग दोन मिनिटे न पाहिलेल्या माणसांना कोपऱ्यातल्या चौकटीत आपले तेलकट कपाळ तासन् तास बघावे लागले. साहेब काय म्हणतात ते अनेकांच्या लक्षात राहिले नाही, कपाळ राहिले.

खरेदीचे दृश्य सविस्तर पाहण्याजोगे आहे. गृहस्थ मेडिकलमध्ये जातो तो गर्दी ओसरल्यावर. आधी क्रोसिन मागतो, मग व्हिक्स, मग बँडेडची एक पट्टी. कशाचीच गरज नसते. शेवटी आवाज खाली येतो: ‘आणि ते... तोंडाचं.’ मेडिकलवाल्याला वेळ नसतो. ‘कुठलं देऊ? पिंपल्सचं, गोरं व्हायचं का साधं?’ या तीनही पर्यायांत गृहस्थाला अपमान दिसतो. तो उत्तर देतो, ‘जेन्ट्सचं द्या.’ बस्स, निवड संपली. काउंटरवर काळी ट्यूब येते. ती काळी असते, कारण पुरुषांचे ते काळे किंवा गडद निळे, असा बाजाराने निवाडा करून टाकला आहे. तिच्यावर ‘पॉवर’, ‘डीप’, ‘ऑइल कंट्रोल’, ‘ॲक्शन’ असे शब्द असतात; ट्यूब आडवी धरून वाचली तर आत ग्रीस आहे की काय अशी शंका यावी. गृहस्थ मात्र निश्चिंत होतो. तोंड धुणे हे आता सौंदर्यप्रसाधन राहत नाही, ते मेंटेनन्सच्या खात्यात जमा होते.

‘मेन’ ही अक्षरे ट्यूबवर करतात ते काम एवढेच: परवाना देण्याचे. पुरुषांची त्वचा वेगळी असते हे खोटे नाही. ती स्त्रियांच्या त्वचेपेक्षा साधारण २० टक्के जाड असते; पुरुषी संप्रेरकांमुळे तिच्यात तेल जास्त स्रवते, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर ते जसे घटते तसे पुरुषांत म्हातारपणापर्यंत फारसे घटत नाही. शिवाय दाढीचे पाते रोज तिच्यावरून फिरते. पण त्वचा तेलकट, कोरडी, मिश्र की नाजूक, हा फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षा निवडीला कितीतरी जास्त उपयोगी पडतो. तेलकट त्वचेसाठीचा चांगला फेसवॉश बाईच्या हातात असो वा बुवाच्या, तेच काम करतो. ‘मेन’ आवृत्तीत बहुधा बदलतात ते रंग, वास आणि मेन्थॉल. मेन्थॉलने येणारा थंडगार झणका मज्जातंतूंना होणारा भास असतो. त्याने मळ निघत नाही. कोळशाचेही तसेच. सक्रिय कोळसा अनेक द्रव्ये पृष्ठभागावर धरून ठेवतो हे रसायनशास्त्राला मान्य आहे, पण फेसात मिसळलेला चिमूटभर कोळसा गालावर वीस सेकंद राहून नळावाटे निघून जातो. तेवढ्या वेळात तो काय धरणार, याचा खुलासा कुणी करत नाही. गृहस्थाला तो नकोही असतो. ‘काळं आहे म्हणजे स्ट्राँग असणार,’ हे त्याला पुरते.

ट्यूब विकत घेण्याइतके धैर्य नसलेली एक मोठी उपजात आहे: उसनवार. हा बायकोचा फेसवॉश वापरतो आणि मान्य करत नाही. ‘माझी ट्यूब महिन्याची पंधरा दिवसांत कशी संपते?’ या प्रश्नावर तो ‘मी कशाला वापरू?’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगाला गुलाबाचा वास येत असतो. झाकण उघडे, ट्यूब मधोमध दाबलेली. पुराव्यांची वाण नसते. उसनवारीतली खरी अडचण वेगळीच आहे. बायकोची त्वचा कोरडी असेल तर तिचा फेसवॉश दुधासारखा, फेस न होणारा असतो. फेस नाही म्हणजे काम नाही, या साबणकालीन समजुतीने गृहस्थ दुप्पट घेतो, तिप्पट घेतो. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध जेमतेम आहे. भरघोस फेस देणारी सोडियम लॉरिल सल्फेटसारखी द्रव्ये उलट त्वचा अधिक कोरडी करू शकतात.

गोरे होण्याच्या शाखेबद्दल थोडक्यात सांगितलेले बरे. बायकांसाठी फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली. पुरुष तीच चोरून लावतात हे बाजाराने हेरले आणि २००५ मध्ये फेअर अँड हँडसम ही पुरुषांची क्रीम निघाली. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातून ‘फेअर’ गेले, कांदेपोह्यांतून गेले नाही. लग्नाळू मुलगा बघण्याच्या कार्यक्रमाआधी पंधरा दिवस ‘ब्राइट’ लिहिलेली ट्यूब आणतो. अर्धा मिनिट लावून धुऊन टाकायच्या वस्तूने कातडीचा रंग बदलत नाही. मळ आणि तेल गेल्याने थोडी टवटवी येते, तीच तो आणि त्याची आत्या प्रगती समजतात. यात निदान धोका नाही. धोका आहे तो मेडिकलवाल्याने ‘हे लावा, आठ दिवसांत फरक’ म्हणत दिलेल्या स्टेरॉइडच्या क्रीममध्ये. फरक खरोखर आठ दिवसांत पडतो, आणि नंतर चेहरा लाल होतो, कातडी पातळ पडते, पुळ्या उठतात, क्रीम सोडवत नाही. अशा अनेक क्रीम्स २०१८ मध्ये सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातल्या. काउंटरवर चिठ्ठी अजूनही क्वचितच मागितली जाते, हा या सगळ्या विषयातला न हसण्याजोगा भाग.

निवडीची खरी रीत इतकी सोपी आहे की गृहस्थाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. चेहरा सौम्य काहीतरी लावून धुवावा, पुसावा आणि तासभर काहीही लावू नये. कपाळ, नाक, गाल सगळे चमकू लागले तर त्वचा तेलकट; सगळीकडे ओढ बसली तर कोरडी; कपाळ-नाक चमकून गाल कोरडे राहिले तर मिश्र. तेलकट त्वचेला जेलसारखा फेसवॉश चालतो. पुळ्या आणि नाकावरचे काळे ठिपके असतील तर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असलेला घ्यावा, कारण ते तेलात विरघळते आणि रंध्रांत शिरते. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉशही पुळ्यांवर गुणकारी आहे, पण तो कापडाचा रंग उडवतो; घरातल्या एकुलत्या एका नॅपकिनवर पांढरे डाग पडले की संशयित शोधायला वेळ लागत नाही. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन, सेरामाइड असलेला, कमी फेसाचा. नाजूक त्वचेला बिनवासाचा. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, तेव्हा ट्यूबच्या तोंडावर फळाचे चित्र असून फळ यादीच्या तळाशी असेल तर ते चित्रापुरतेच समजावे. यादीत पहिले बहुधा पाणी असते. दोनशे रुपये देऊन आपण मुख्यतः पाणी आणले, हे कळल्यावर गृहस्थ काही दिवस उदास राहतो.

नाकपुड्यांच्या कडेला आणि भुवयांत पांढरे पापुद्रे येतात, त्याला तो ‘थंडीने फुटलंय’ म्हणतो आणि अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब घासतो. हा पुष्कळदा डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊबंद असतो. मॅलसेझिया नावाची बुरशी त्यात सामील असते आणि घासल्याने तो चिघळतो. इथे फेसवॉश बदलण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. दाढी राखणाऱ्यांनी केसांखालची कातडीही धुवायची असते, हेही सांगावे लागते. दाढी करण्यापूर्वी कोमट पाण्याने चेहरा धुतला तर केस मऊ पडतात आणि उलटे आत घुसणाऱ्या केसांचा त्रास कमी होतो. सलूनमध्ये दाढीनंतर फिरवायची तुरटी रक्त थांबवते हे खरे, पण तीच वडी सकाळपासून कितीजणांच्या गालांवरून फिरली आहे याचा विचार करावा.

वापराच्या बाबतीत गृहस्थ दोन टोकांना जातो. सुरुवातीला सहा सेकंदांत, नाक शिंकरण्यासह, सगळे आटोपतो. नंतर कुणीतरी सांगितले म्हणून दिवसातून पाच वेळा धुतो, आणि चेहरा कोरडा पडून आग का होते हे त्याला कळत नाही. वाटाण्याएवढे जेल, अर्धा मिनिट, सकाळ-संध्याकाळ दोनदा आणि घाम गाळल्यावर एकदा, एवढे पुरते. पुसताना टॉवेलने चेहरा टिपायचा असतो. तो मात्र स्कूटर पुसल्यासारखा पुसतो. त्यानंतर मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावावे, असे डॉक्टर म्हणतात. ‘आता पावडरही लावू का?’ असे विचारून तो विषय बंद करतो. त्याचा कॉलेजातला पुतण्या रील बघून नायसिनामाइडची टक्केवारी पाठ म्हणतो, चार सीरम एकावर एक लावतो आणि चेहरा लाल करून घेतो. काका त्याच्याकडे बघून साबणच बरा असे ठरवतात, पण आठवडाभरच.

ट्यूब संपत आली की गृहस्थाचे मूळ संस्कार पुन्हा वर येतात. ती शेपटीकडून गुंडाळली जाते, बेसिनच्या कडेवर दाबली जाते, कात्रीने कापली जाते. इथपर्यंत आक्षेप नाही. उघडल्यानंतर किती महिने वापरावे हे मागे उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असे दिलेले असते. तो मात्र फक्त एक्सपायरीची तारीख बघतो आणि तेवढा काळ पुरवायचे मनावर घेतो. पंपाची बाटली असेल तर तिच्यात पाणी घालून हलवली जाते. असे केल्याने त्यातले परिरक्षक पातळ होते आणि जंतूंना वाट मिळते, हे त्याला समजावून सांगितले तरी उपयोग होत नाही. पहिला घटक पाणीच आहे तर आणखी थोड्याने काय बिघडणार, असा त्याचा हिशेब असतो.