चुंबकभाऊ

वऱ्हाडातल्या कोणत्याही कॉलनीत, मग ती अमरावतीच्या साईनगरातली असो की अकोल्याच्या गोरक्षण रोडवरची, एक चुंबकभाऊ असतातच. बहुधा पाटबंधारे नाहीतर बांधकाम खात्यातून निवृत्त. खिशात चष्म्याच्या डबीशेजारी जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल काळं चुंबक. घरी आले की आधी तुमच्या गेटला चुंबक लावतात, मग बोटानं टणटण वाजवतात आणि मगच विचारतात, "बरं हाय ना?" तुमच्या तब्येतीपेक्षा पत्र्याची जाडी त्यांना जास्त काळजीची वाटते.

लग्नात आहेराची भांडी मांडली की भाऊ तिथे हजर. निकेल घातलेल्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, म्हणून जे चिकटलं ते हलकं, हा त्यांचा न्याय. तो ते नवरदेवाच्या मावशीसमोर मोठ्यानं जाहीर करतात. "हे पाहा राजेहो, चिटकलं! कायचं भारी स्टील?" पुढे इंडक्शनची शेगडी आली आणि न्याय उलटा झाला. तिच्यावर तापायचं तर भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटावंच लागतं. थोरल्या सुनेच्या महागड्या कढईला भाऊंनी 'डुप्लिकेट' ठरवलं. तिनं त्याच कढईत शिरा करून पुढ्यात ठेवला. भाऊंनी दोनदा घेतला आणि म्हणाले, "शिरा ओरिजिनल हाये."

त्यांच्या दिवाणखान्यात एक भेग आहे. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा हा खेळ. पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंत तिरपी फाटते. ही भेग मे महिन्यात रुपयाचं नाणं गिळते, ऑगस्टात तिच्यात पोस्टकार्डाची कडही जात नाही. भाऊंनी तिच्यावर काचेच्या पट्ट्या सिमेंटनं आडव्या बसवल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख. काच तडकली म्हणजे भेग अजून हलते आहे. वहिनी त्यावर कॅलेंडर टांगतात, पाहुणे आले की भाऊ ते बाजूला सारतात. पोरगी पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी आधी भेगच दाखवली. "चालू हाये अजून," ते अभिमानानं म्हणाले. मुलाच्या मामाला चहाचा ठसका लागला.

गल्लीत कुठे पायाचा खड्डा पडला की भाऊ काठावर उभे. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं बुडाशी फुगीर असलेले खांब शोधून काढले. ऋतू बदलला तरी जो थर हलत नाही, तिथवर खांब न्यायचा आणि खाली त्याला फुगा द्यायचा. हे भाऊ गवंड्याला सांगतात, मुकादमाला सांगतात, वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यालाही सांगतात. "भाऊ, तुमी सावलीत बसा," मुकादम म्हणतो. खरं सांगायचं तर भाऊंचं शंभरातलं ऐंशी बरोबर असतं. लोकांना तेच सहन होत नाही.

पण भाऊंचा खरा सण म्हणजे पाडव्याच्या आगेमागे कूलर बाहेर काढणं. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो; तिथे कूलर हा घरातला माणूसच. भाऊंचा कूलर जस्ताचा मुलामा दिलेल्या जाड पत्र्याचा, वजन असं की तो हलवायला दरवर्षी दोन शेजारी लागतात आणि त्यातला एक पुढच्या वर्षी येत नाही. नव्या प्लास्टिकच्या कूलरला ते 'टोपलं' म्हणतात. ताट्या वाळ्याच्याच, पुठ्ठ्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या नव्या जाळ्या त्यांना चालत नाहीत. टिल्लू पंप उघडून, धुऊन, पुन्हा जोडून होतो. मग पत्र्यावर चुंबक फिरवत व्याख्यान. "पोट्टेहो, हे जस्त पाहा. पत्र्याले ओरखडा पडला तं गंज आधी जस्ताले खाते, लोखंड वाचते. जस्त म्हंजे घरातली थोरली सून. सगळ्यांच्या आधी थेच झिजते." थोरल्या सुनेनं आतून फक्त भांडं आपटलं.

भाऊंची सासुरवाडी दर्यापूरकडे, खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला. विहिरीचं पाणी खारट. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून तिथल्या ताट्यांवर पांढरी खपली चढते आणि पत्रा दोन-चार उन्हाळ्यांत चाळणी होतो. उपाय साधा: आठवड्याला टाकीतलं पाणी पार काढायचं आणि नवं भरायचं. मेव्हण्यानं ऐकलं नाही. भाऊंनी त्याच्या कूलरची भोकं मोजून पोस्टकार्डावर कळवली.

टिकणं हीच भाऊंची एकमेव नीती. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि गिनीज बुकात गेला. अख्खा वऱ्हाड खूश. भाऊ स्कूटर काढून पाहून आले. "जल्दी करायचा विक्रम झाला. टिकायचा विक्रम मोजाले कोनी बसते का?" येताना वाट वाकडी करून मूर्तिजापूरला थांबले आणि आता बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाला चुंबक लावून आले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं, हे सांगताना त्यांचा आवाज कातर होतो. स्वतःच्या वडिलांबद्दल सांगताना तो होत नाही.

मेळघाटात मात्र पंचाईत झाली. लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात भाऊ गेले. तिथे चुंबक कशाला लावणार? बांबूची ताकद बाहेरच्या सालीकडे दाटलेल्या तंतूंत, आत पोकळ; वजन कमी आणि ताण सोसायची तयारी मोठी. भाऊ एका खुर्चीत बसले, उठले, पुन्हा जोरात बसले. खुर्ची कुरकुरली नाही. "याले गंज तं नाही चढत," ते नाराजीनं म्हणाले, "पन घुन लागत असन."

यंदा इंजिनीअरिंगला असलेल्या पुतण्यानं घाव घातला. म्हणाला, "मोठेबाबा, टिकाऊ म्हणजे नुसतं न मोडणारं नाही. तुमची ही जुनी मोटर २५० वॅट खाते, नवी शंभरात भागवते. दिवसाचे बारा तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस. १८० युनिट जास्त. ती मोडत नाही म्हणूनच महाग पडते."

भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गंज दिसते. युनिट दिसते का?" आणि तडक मीटरकडे गेले. पेटी लोखंडी की फायबरची, हे आधी पाहावं म्हणून सवयीनं चुंबक लावलं. नेमका त्याच क्षणी रीडिंग घेणारा पोरगा फाटकातून आत आला. मीटरशी चुंबक म्हणजे वीजचोरी, एवढं त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशीच शिकवलेलं असणार. तो दोन पावलं मागे सरकला आणि फोटो काढायला मोबाइल वर धरला.

भाऊंनी मोबाइलच्या पाठीला चुंबक लावून पाहिलं.

"प्लास्टिक," ते म्हणाले.