धंदा बंद, दंड चालू
ब्रिटनमध्ये स्वतःचा धंदा बंद करणं सोपं. तो बंद झालाय हे कर खात्याच्या गळी उतरवणं अवघड. दुकानाची पाटी उतरली, पण खात्याने विवरणपत्र मागितलेलंच असेल, तर ३१ जानेवारीची ऑनलाइन मुदत हुकताच १०० पौंड दंड. देणं शून्य असलं तरी! तीन महिने उलटले की रोज १० पौंड, ९० दिवसांपर्यंत. कमाईपेक्षा दंडच नियमित.

उतारा आहे. धंदा कधी थांबला ते कळवा आणि विवरणपत्राची मागणीच मागे घ्यायला सांगा. खात्याला पटलं, तर दंडही रद्द होतो. तोवर दंड फेडायला नवा धंदा मात्र काढू नका. त्याचंही विवरणपत्र भरावं लागेल.