भाव पडलो तर?

विजयदुर्गाचा भाव १७५६ साली पडला, तोही आठ महिन्यांत. फेब्रुवारीत वॉटसनचं इंग्रजी आरमार वाघोटन खाडीच्या तोंडाशी आलं, सोबत क्लाइव्हचं पायदळ, जमिनीकडून पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली आणि दोन दिवसांत किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आत सुमारे दहा लाख रुपयांची लूट मिळाली, ती साहेबांनी आपसात वाटून घेतली. ऑक्टोबरात पुण्यात तह झाला, तेव्हा अजिंक्य म्हणून गाजलेला हाच किल्ला त्यांनी पेशव्यांना देऊन टाकला आणि बदल्यात बाणकोट कायमचं आपल्या नावावर करून घेतलं, वर दहा गावं. आजचा एखादा एजंट तेव्हा धक्क्यावर उभा असता, तर त्यानं क्लाइव्हला हमखास सांगितलं असतं, "साहेब, घाई करताय. लोकेशन बघा. थोडं होल्ड करा." सल्ला खोटा ठरला नसता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्गालाही जागतिक वारसा ठरवलं. म्हणजे होल्ड फक्त दोनशे एकोणसत्तर वर्षं करावा लागला असता. ज्याचं ते घर होतं त्या तुळाजीला या चढउताराचं काही कळलं नाही. तो कैदेतच वारला.

हा इतिहास उगाळायचं कारण आमचा भाचा. वय चौतीस, मुक्काम नालासोपारा, भाड्यानं. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर करारामागे दलालाला एक भाडं आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की सामानासकट टेम्पो. त्यानं बदलापूरला एक घर बघून ठेवलंय. सदतीस लाख. सात स्वतःचे, तीस बँकेचे. गणपतीला गावी आला आणि खळ्यात बसून सगळ्यांसमोर विचारता झाला, "मामा, घेव काय? आणि मागसून भाव पडलो तर?"

कोकणात एखादा तरुण कर्ज काढायची भाषा करू लागला की खळ्यातला प्रत्येक माणूस अर्थतज्ज्ञ होतो. भजनाची पेटी बाजूला सरकली.

पहिले बोलले ते लालबागवाले. वडिलांच्या पागडीच्या खोलीत जन्म गेला, स्वतः एक वीट विकत घेतली नाही, पण मार्केटवर पकड जबर. "आता घेऊ नको. मार्केट पडणार आहे." हे गृहस्थ मार्केट पडायची वाट १९९० पासून बघतायत. आणि एकदा ते खरोखर पडलंही होतं. १९९५ च्या आसपास आभाळाला भिडलेले मुंबईतले दर पुढची काही वर्षं उतरत गेले. तेव्हा यांनी घर घेतलं का? छे. तेव्हा म्हणाले, अजून पडतील.

दुसरे गुंतवणूकदार. यांचं मत, घर नकोच, जमीन घे. यांच्यासमोर गिर्ये-रामेश्वरचं नाव काढायचं नसतं, म्हणून मी लगेच काढलं. मे २०१७ मध्ये रिफायनरीसाठी राजापूर तालुक्यातली चौदा गावं आणि आमच्या देवगडातली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावं अधिसूचनेत आली. वर्षाला सहा कोटी टन तेल, तीन लाख कोटींचा प्रकल्प. त्या आगेमागे आमच्या सड्यावर अशी वर्दळ सुरू झाली की विचारू नका. ज्या कातळावर गवत उगवायलासुद्धा पावसाची परवानगी लागते, त्याचे सातबारे काढायला पांढऱ्या गाड्या येऊ लागल्या. गाडीतल्यांना आडनावं उच्चारता येत नव्हती, गट नंबर मात्र तोंडपाठ. (घर घेणाऱ्याला संरक्षण देणारा रेरा कायदाही त्याच मे महिन्यात पुरता लागू झाला. कातळ घेणाऱ्यासाठी असा काही कायदा सुचला नाही.) मार्च २०१९ मध्ये सरकारनं अधिसूचना रद्द केली. कातळ पुन्हा कातळ झाला.

आता गंमत बघा. त्या गावांत ज्यांची राहती घरं होती, त्यांच्याही जागेचा भाव या दोन वर्षांत चढला आणि उतरला. त्यांनी तो काळ थोडा रिफायनरीविरुद्धच्या मोर्चात काढला, थोडा आंब्याच्या पेट्या भरण्यात. आणि भाव उतरला तेव्हा त्यांना आनंद झाला! भाव पडला म्हणून खूश होणारे घरमालक कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसवायचे, ते गुंतवणूकदारांना विचारलं. ते पाणी प्यायला उठले.

तिसरा सल्ला सगळ्यांनी मिळून दिला. "गावात एवढं घर असताना बदलापूरला कशाला?"

गावचं घर म्हणजे हेच, ज्याच्या खळ्यात आम्ही बसलो होतो. चिऱ्याचं, कौलारू, ओटी-पडवी-माजघर सगळं जागच्या जागी. सातबाऱ्यावर इतकी नावं की त्यांची ग्रामपंचायत निवडून यावी. त्यातली काही वारली, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे. एकाची सही कॅनडातून यायची आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं कौलं उडवली, तेव्हा वर्गणीचा विषय निघाला. एका चुलत्यांनी व्हॉट्सअपवर कळवलं की त्यांच्या हिश्शाच्या खोलीवरची कौलं शाबूत आहेत, सबब त्यांचा संबंध येत नाही. पाऊस मात्र हिस्से बघून पडला नाही. आता माजघराच्या वाशांना वाळवी आहे आणि वर्षातले अकरा महिने दाराला कुलूप. या घराच्या किमतीला कसलाही धोका नाही. सगळ्यांच्या सह्या एकत्र येईपर्यंत ते विकताच येणार नाही, मग भाव पडणार कुठून? कोकणात घराचा भाव पडत नाही, घर पडतं.

एवढा वेळ माझी आते ओटीवर नारळ खवत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अरे, तुका घर रवाक होया काय इकूक?"

भाचा म्हणाला, "रवाक."

"मगे पडांदे भाव."

आतेनं अर्थशास्त्र संपवलं, पण हिशेब राहिला होता. तीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सुमारे २६ हजार. एकूण फेड सुमारे साडेबासष्ट लाख, त्यात व्याज साडेबत्तीस. उद्या सदतीसचं घर बत्तीसवर आलं तर पाच लाखांचा खड्डा, आणि तोही विकायला गेलं तरच. त्या पाच लाखांवर आमच्या खळ्यात दोन तास चर्चा झाली. साडेबत्तीस लाखांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. व्याज हे आपल्याकडे पावसासारखं मानतात, पडायचंच.

भाव पडण्याची भीती अगदीच खोटी नाही. नोकरी गेली, हप्ता थकला आणि पडत्या भावात विकायची पाळी आली, तर माणूस मरतो. २००८ च्या मंदीत अमेरिकेत कित्येकांनी घराच्या किल्ल्या बँकेला पाठवून दिल्या आणि चालते झाले. आपल्याकडे तशी सोय नाही. बँक घर लिलावात काढते आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तुम्हालाच शोधत येते. म्हणून भाच्याला म्हटलं, मार्केटकडे बघू नको, आपल्या पगाराकडे बघ. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता आले तर घे, नाही तर नालासोपाऱ्यात आणखी एक टेम्पो भर. महारेराच्या साइटवर प्रकल्प तपास आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघ, त्यात किती नावं आहेत तेही मोज. हा अनुभवाचा सल्ला आहे, मान जरा वर करून कौलांकडे बघ.

सरकार भावाच्या बाबतीत कमालीचं आशावादी आहे. तुम्ही घर स्वस्तात मिळवलंत तरी रेडी रेकनरचा दर जास्त असेल, तर मुद्रांक शुल्क त्या दरानं भरायचं. भाव पडला हे सरकारला पटवून देणारा अजून जन्मायचा आहे.

भाच्यानं टोकन दिलंय. घर बायकोच्या नावावर घेतोय, कारण राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. भाव पडेल या काळजीनं ज्यांना झोप लागत नाही, त्या वाचकांनी निदान हा एक टक्का तरी सोडू नये.