कुंपणावरचा फराळ

वहिनी, वास आला ना? रवा भाजत होते, आत्ताच उतरवला. बेसनाच्या लाडवांना यंदा रजा. किलोभर बेसन म्हणजे अर्धा किलो तूप गट्ट, तरी लाडू म्हणणार आणखी घाल. रव्याचं बरं असतं, पाक तेवढा साधला की झालं.

जरा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही.

आमचं भिशीतल्या सहाजणींचं ठरलंय. एकीनं एकच जिन्नस भरपूर करायचा आणि धनत्रयोदशीला सहा घरांत वाटायचा. किराणा भिशीच्या पैशातून, गणपती पेठेतून एकदम. नाहीतर रव्यावाली स्वस्तात सुटायची आणि करंजीवाली बुडायची. सुक्या खोबऱ्याचा भाव विचारलात का? नका विचारू. आणि घरोघरी पाच-पाच वेळा कढई चढवायची, मग ते तळणीचं काळं तेल महिनाभर आमटीत ढकलायचं, हे कुणी सांगितलंय? 2024 ला गणपती बसलेले असतानाच नाही का आयात तेलावरचा कर वाढवला! दिवाळीपर्यंत पिशवीचा भाव कुठल्या कुठे गेला. आमचे हे म्हणाले, यंदा चकल्या पाण्यात तळ.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आमच्यातली ती मागच्या बोळातली... नाव नाही घेत, ओळखलंत तुम्ही. तिचे मिस्टर दसऱ्यापासून घरी बसलेत. 2022 च्या दिवाळीला रेशनवर शिधा आला होता ना, 100 रुपयांत किलो रवा, किलो हरभरा डाळ, किलो साखर आणि लिटरभर पामतेल? त्यावर तिनं अख्खा फराळ उभा केला होता. पुढच्या वर्षी तर मैदा-पोहेही होते त्यात. आता ती पिशवीही नाही. तर बाई मला म्हणते कशी, ‘यंदा मला धरू नका, माझे उपास आहेत.’ दिवाळीत कसले हो उपास! मानी आहे, उधार मागणार नाही आणि फुकटचं खाणारही नाही.

मी काय केलं, जाऊन सरळ गळ घातली. म्हटलं, ‘अनारसे तूच कर बाई, आमचे हसतात.’ खोटं नाही हो, माझा अनारसा तुपात सोडला की जाळी कसली, नुसता चुरा तरंगतो. तिचं बघा एकदा. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून, मग पंचावर पसरून दमट असतानाच दळायचे. गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा. खसखशीवर थापते तेसुद्धा इतकं हलक्या बोटांनी! खसखशीची बाजू वर ठेवून सोडते, उलटत नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहते. एखादा हसायला लागला की गोळ्यात चिमूटभर तांदळाची पिठी, पुढचा सरळ. तांदूळ-गूळ भिशीतून गेले, खसखस मी दिली. ती म्हणाली, ‘खसखस जपून वापरीन हं.’ म्हणजे आली ना पोरगी लायनीवर!

आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई! त्यांच्याकडे चकल्या दिल्या होत्या. परवा म्हणतात, ‘मी विकतच्या आणते, चालेल ना?’ मी म्हटलं, चालेल की, पण मग भिशीचे पैसे परत द्या, तांदूळ-डाळी निवडून भाजायला घेतल्यात मी. चार वाटी तांदूळ, दोन वाटी हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, वर धने-जिरे. एवढी भाजणी आयती दळून मिळतेय तर बाईंना सोऱ्या फिरवायचा कंटाळा! शेवटी ‘नाही नाही, करते करते’ म्हणाल्या. करतील. सोऱ्या सापडेल तर.

बरं, भाऊबीज झाली की रविवारी आमच्या गच्चीवर अंगतपंगत. तोवर गोडाचं नाव काढलं तरी माणसं तोंड वाकडं करतात. मग काय, ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, खर्डा आणि कच्चा कांदा. प्रत्येकीनं आपापल्या भाकऱ्या आणायच्या, झुणका माझा. मागच्या खेपेला बंगलेवाल्या बाईंच्या मिस्टरांनी एवढा झुणका हाणला, की मला दुसऱ्यांदा पीठ लावावं लागलं. घरी म्हणे डाएट असतं!

तुमचं काय, यंदा मुलगा येत नाही ना पुण्याहून? मग दोन माणसांसाठी कुठे कढई चढवता! शंकरपाळी अजून कुणी घेतलेली नाहीत. मैदा आणून ठेवलाय. तुमचं नाव धरू का? आणि तुमचा तो पितळी सोऱ्या चांदणीच्या चकतीसकट काढून ठेवा, बंगल्यावर पोचवते. बाईंचं निमित्तच संपवते.