घाटाखालून घाटावर, विनाकारण

सरकारी कागदावर बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. जिल्ह्यातल्या माणसाला विचारलं तर भाग दोनच : घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस आणि ऊन. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार; सोयाबीन, वारा आणि घाटाखालच्या पाहुण्यांना ऐकवण्यापुरता गारवा. हा गारवा बघूनच इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं डोंगरावर बुलढाण्याला थाटलं. साहेबाला घाम सोसत नसे. त्यानं दीडशे वर्षांपूर्वी टाळलेला तो घाम स्वखर्चानं गाळायला आम्ही तिघं डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटे शेगाव स्टेशनवर सायकलींसकट उतरलो.

तिघंच का, तर पुण्याच्या एन्ड्युरो-३ या साहसी शर्यतीत तिघांचा संघ असतो. सायकल, डोंगरातली पायपीट, पाणी ओलांडणं आणि नकाशावरून वाट हुडकणं, हे सगळं तिघांनी मिळून करायचं आणि शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत राहायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. त्याच धर्तीवरच्या आमच्या संघात बँकेतले एक साहेब, एक दंतवैद्य आणि मी. मार्ग साहेबांनी आखला होता : शेगाव, खामगाव, बोथ्याचा घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. दीडशेच्या वर किलोमीटर सायकल आणि मग लोणारच्या विवराच्या काठानं चालणं. दुसरा संघच नसल्यामुळे पहिला नंबर पक्का होता, तरी साहेब वेळ नोंदवत होते. दंतवैद्यांच्या मनगटावरचं घड्याळ त्यांच्या हृदयाचे ठोके मोजत होतं आणि ते ठोके डॉक्टर आम्हाला वाचून दाखवत होते.

निघण्याआधी दर्शन. गजानन महाराजांच्या मंदिरात चपला ठेवायची व्यवस्थाही नमुनेदार. तिथल्या वयस्क सेवेकऱ्यांनी डॉक्टरांचा सायकलचा बूट हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. पेडलमध्ये अडकण्यासाठी या बुटांच्या तळाला धातूची पट्टी असते.

“नाल मारली काय, भाऊ?”

डॉक्टरांनी पट्टीचं शास्त्र समजावून सांगितलं. सेवेकऱ्यांनी ते शांतपणे ऐकलं, टोकन दिलं आणि विचारलं, “नवस कसला हाये?”

“नवस नाही. असंच.”

“असंच?” सेवेकरी म्हणाले आणि पुढच्या माणसाच्या चपलांकडे वळले. त्या ‘असंच’मध्ये जी शंका होती, ती पुढे लोणारपर्यंत आमच्याबरोबर आली.

दर्शनानंतर कचोरी. दूरच्या शर्यतीआधी शरीरात पिष्टमय पदार्थ साठवावेत असं शास्त्र सांगतं. शेगावची कचोरी या शास्त्राच्या पुढे जाऊन तेलही साठवते. साहेबांनी प्रत्येकी एक ठरवली होती. तळलेल्या मिरचीसकट बशी समोर आल्यावर हा ठराव कोणी मांडला आणि कोणी मोडला याची नोंद कुठल्याच घड्याळात झाली नाही.

शेगाव-खामगाव रस्ता हा महाराष्ट्रातल्या सहनशक्तीच्या खेळाचं सर्वांत मोठं मैदान आहे. शेगावची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते; जायलाच महिनाभर लागतो. परतीच्या शेवटच्या टप्प्यात खामगावहून शेगावपर्यंत हजारो माणसं तिच्याबरोबर सतरा-अठरा किलोमीटर चालत येतात. त्यात सत्तरीच्या आजी असतात, कडेवर पोर घेतलेल्या बाया असतात, कारकून आणि कॉलेजातली मुलं असतात. कोणाच्या छातीवर क्रमांक नाही, पाठीवर प्रायोजक नाही. वाटेत चहा-पाणी मिळतं. शर्यतीवाले यालाच ‘एड स्टेशन’ म्हणतात आणि त्याचे पैसे आगाऊ कापून घेतात.

आम्ही निघालो तेव्हा पालखीचे दिवस नव्हते, पण गुरुवार होता. आजूबाजूच्या गावांतून पायी निघालेली मंडळी शेगावकडे येत होती आणि आम्ही बरोबर उलट्या दिशेनं.

“दर्शन झालं ना? मंग परत सायकलनं काऊन चालले? जातांनी गाडीनं जाते माणूस!”

बिनतोड मुद्दा होता. नवसाचा त्रास जाण्याचा असतो, येण्याचा नसतो.

खामगावच्या अलीकडे कापसानं शीग भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघालेल्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. बाभळीकडे नीट बघितलं ते तेव्हा, कारण त्याच वेळी साहेबांच्या मागच्या टायरमधून फुसफुस ऐकू आली. साहेबांचे टायर ट्यूबलेस. आत पांढरा चिकट द्रव असतो. काटा शिरला की तो भोकाशी येऊन घट्ट होतो आणि भोक आपोआप बुजतं. कंपनीनं हा प्रयोग बहुधा युरोपातल्या काट्यांवर केला असावा. वऱ्हाडातली बाभूळ या बाबतीत जास्त शिकलेली आहे. पांढरा फेस थांबेना. पंक्चरवाला पाण्याची परात घेऊन आला आणि टायरकडे पाहत उभाच राहिला.

“ट्यूब कुठी हाये?”

“नसते याला.”

“बाप्पा! मंग हे दूध कायचं निंघून राह्यलं?”

पाहता पाहता दहा-बारा माणसं जमली. मग जिल्ह्यातल्या प्रत्येक चौकात येणारा प्रश्न इथेही आला : सायकल कितीची? साहेब बायकोला सांगतात तो आकडा त्यांनी सांगितला, म्हणजे खऱ्याच्या निम्मा. तेवढ्यावरही गर्दीत शांतता पसरली.

“इतक्यात त गाडी येते.”

“मोटर हाये काय याले?”

“मोटरबी नाही, ट्यूबबी नाही,” पंक्चरवाल्यानं निकाल दिला. त्यानं पॅच मारला, साध्या सायकलची ट्यूब कोंबली आणि त्यानं सांगितलेले पैसे इतके कमी होते की साहेबांना ते अपमानास्पद वाटले.

डॉक्टरांनी एवढ्यात खिशातून एनर्जी जेलची पुडी काढली, दातानं फोडली आणि पिळून तोंडात घेतली. दातानं पुडी फोडू नये असा सल्ला ते रोज पैसे घेऊन देतात. एका पोरानं ते पाहिलं आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “शाम्पू पिऊन राह्यले काय?”

खरं तर आमच्या या माउंटन बाइकच्या खेळाचा जन्मच भंगार सायकलींवर झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही टग्या पोरांनी जुन्यापुराण्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि तिथून खाली सोडल्या. १९७६ पासून ते त्याची रीतसर शर्यत भरवू लागले. उतरताना मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’. आज माउंटन बाइकला शॉक-अबसॉर्बर असतात, डिस्क ब्रेक असतात. खामगावच्या पंक्चरवाल्याला ती पहिली सायकल दुरुस्त करता आली असती. आताची करताना त्याला दया येते.

खामगाव सोडलं की बोथ्याचा घाट. इथे रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून चढतो. अभयारण्याचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटरच्या वर, सागाचं आणि धावड्याचं रान, अस्वलं भरपूर. चढावर डॉक्टरांचे ठोके इतके वाढले की त्यांनी ते वाचून दाखवणं बंद केलं. संघाला पहिल्यांदा शांतता लाभली.

या जिल्ह्यात आलेला आजवरचा सगळ्यात मोठा सहनशक्तीपटू याच जंगलात येऊन थांबला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. तेलंगणात डोकावला, परत महाराष्ट्रात शिरला, नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे पालथे घातले आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची वाटचाल उपग्रह टिपत होता. तेव्हा जाहीर झालेला हिशेब सुमारे १३०० किलोमीटरचा होता. शेतं, नाले, महामार्ग, रेल्वेरूळ, सगळं ओलांडून, बहुतेक रात्रीचं. ना हेल्मेट, ना जेल.

ही हकीकत साहेब घाटातल्या चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होते. बाकड्यावर एक आजोबा बिडी ओढत बसले होते. त्यांना वाघ पाठ होता.

“थो त आला होता बायको पाह्याले,” ते म्हणाले. “तुमी काऊन आले?”

साहेबांनी खेळाची थोरवी सांगायला घेतली. फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सायकल शर्यत सुरू झाली. आता ती शर्यत राहिली नाही. दर चार वर्षांनी होते, १२०० किलोमीटर नव्वद तासांत पुरे करायचे. त्याच धर्तीवर आपल्याकडेही ब्रेव्हे होतात : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा.

“पयल्या नंबराले काय?”

“नंबर नसतो. वेळेत आला तो आला.”

“बक्षीस?”

“पदक मिळतं. त्याचे पैसे आपणच भरायचे.”

आजोबांनी बिडी विझवली. “म्हंजे पैसे तुमी देता, तरास तुमालेच, अन् पयला कोनीच नाही?”

साहेबांनी मग हुकमाचं पान टाकलं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघानं ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ, म्हणजे विदर्भाचा माणूस, २०१७ साली तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी करून आले : अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर. दुसऱ्या वर्षी ते रशियात मॉस्कोहून व्लादिव्होस्तोकपर्यंत सायकलनं गेले, नऊ हजार किलोमीटरच्या वर.

टपरीवर आदराची शांतता पसरली. डॉक्टरकी सोडून माणूस एवढा का फिरतो, यावर खालच्या आवाजात चर्चा झाली. शेवटी आजोबांनी हळूच विचारलं, “तिकडं यष्टी नसंन?”

घाट चढून बुलढाण्यात आलो. संध्याकाळचा गारवा खरोखरच होता. इंग्रजांची निवड चुकली नव्हती. सिग्नलपाशी थांबताना डॉक्टरांचा बूट पेडलमधून सुटला नाही आणि सायकल उभी असताना ते सावकाश, सबंध, शास्त्रोक्त आडवे झाले. रिक्षावाल्यांनी त्यांना उचललं. पडताना वेग शून्य होता, ठोके शंभर. रात्री लॉजशेजारच्या खाणावळीत ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा. खाणावळवाल्या काकू वाढताना म्हणाल्या, “पोटभर जेवा. घरून भांडून निघाले का?” घाटावर प्रश्नाचं रूप बदललं, रोख तोच.

चिखलीपासून मेहकरपर्यंत रस्ता चढ-उतारांचा. नकाशात सपाट दिसतो, कारण नकाशा कागदावर असतो. तुरीची शेतं पिवळ्या फुलांवर होती आणि वारा समोरून. मेहकरच्या शारंगधर बालाजीची देखणी मूर्ती १८८८ साली जमिनीत सापडलेली. तिथल्या पायरीवर आम्ही इतका वेळ बसलो की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पुन्हा नवसाकडेच बोट दाखवलं. या वेळी डॉक्टर म्हणाले, “हो, नवसच.” लगेच आम्हाला सावली मिळाली, पाणी मिळालं, केळी मिळाली आणि कोणी काही विचारलं नाही. दीडशे किलोमीटरच्या अनुभवानं माणूस शहाणा होतो तो असा.

मेहकर सोडलं की समृद्धी महामार्ग आडवा येतो. त्यावर सायकलला बंदी आहे. मोटारी सूं करत नागपूर-मुंबई करत होत्या. आतल्या एकाही माणसाला आपण कुठल्या तालुक्यातून जातोय हे ठाऊक नसावं.

लोणारला पोचलो. बुलढाणा जिल्ह्यात आजवर सगळ्यात वेगानं आलेला पाहुणा म्हणजे इथे पडलेली उल्का. बेसॉल्टच्या कातळात तिनं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्याचं हे सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. लोणासुराला विष्णूनं इथेच मारलं ही कथा त्याच्या कितीतरी आधीची, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर तिची साक्ष देत उभं आहे.

सायकली वर ठेवून आम्ही विवराच्या काठानं चाललो. साहेबांनी वेळ थांबवली, आकडा पाहिला आणि घड्याळ खिशात टाकलं. तो आकडा त्यांनी आम्हाला अजून सांगितलेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, बोथ्याचा घाट दिवसाउजेडी चढा, ट्यूबवाले टायर लावा आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा. मोटारीनं गेलात तर हा जिल्हा तुम्हाला पत्ता सांगेल. सायकलनं गेलात तर तुमचीच चौकशी करेल, आणि ती चौकशी कुठल्याही पदकापेक्षा ऐकण्यासारखी आहे. खिशात सुटे पैसे असू द्या. चहाचे पैसे कोणी घेणार नाही. पण द्यायला निघाल्याचं दिसलं पाहिजे.