दहामोजे

गॅसवर दूध उतू जातंय, दारात पार्सलवाला ओटीपी मागतोय, मोरीतून कुणीतरी ‘पाणी गेलं!’ म्हणून ओरडतंय आणि नेमक्या त्याच मिनिटाला जो तुम्हाला सांगतो, ‘‘आधी दहा मोजा,’’ तो माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असणारच. नसेल तर आमचा घेऊन जा. टेम्पोचं भाडं आम्ही देऊ.

आमच्याकडे त्यांना दहामोजे म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण नवीन पेपरवालासुद्धा दुसऱ्या दिवसापासून ‘दहामोजेकाका कुठल्या मजल्यावर?’ असंच विचारायला लागला.

मोजण्याची त्यांची पद्धत आहे. डोळे मिटायचे. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकवायचा, एक पेर खाली यायचं, मग करंगळीवर चढून बोटांच्या टोकांवरून फिरत तर्जनीच्या मुळाशी उतरायचं. जपाला बसणारे वापरतात तीच ही करमाळा. तिच्यात पेरं बरोबर दहा. इथवर कुणाची तक्रार नाही. पण काका मोठ्याने मोजतात. ‘सात’ला एक डोळा किलकिला करून आपण बघतोय ना याची खात्री करून घेतात, आणि मग आठ, नऊ, दहा असे म्हणतात, की जणू मुंजीतली मंगलाष्टकं संपत आली आहेत. दहाला त्यांचा राग उतरतो यात शंका नाही. फक्त तो समोरच्याच्या अंगात चढतो.

कर्वे रस्त्याच्या सिग्नलवर एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. शेजारून एक रिक्षा घासून गेली. काकांनी मोजायला सुरुवात केली. तिकडे सिग्नलवरचे आकडे उलटे पडत होते, इकडे काका सुलटे. सिग्नल शून्यावर आला तेव्हा काका सहावर होते. मागच्या पीएमटीच्या ड्रायव्हरने जो हॉर्न दाबला तो काकांनी ‘दहा’ म्हणेपर्यंत सोडला नाही. ‘‘बघा, किती अशांत आहेत लोक,’’ काका म्हणाले. तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता.

ही विद्या उपनिषदांतली आहे असं ते सांगतात. रागावल्यावर बोलण्याआधी दहा मोजावेत आणि फारच रागावलो तर शंभर, हे अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाने, थॉमस जेफर्सनने, १८२५ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय, असं मी त्यांना एकदा छापील दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, दहा मोजले आणि म्हणाले, ‘‘आपल्याकडूनच गेलेलं असणार.’’

पण शंभराची सोय त्यांना फारच आवडली, आणि तो गुन्हा माझ्या नावावर लागला. उन्हाळ्यात टँकरवाल्याने दर वाढवले म्हणून तातडीची सभा बोलावली होती. टँकरवाल्याने वर तोंड करून सांगितलं, ‘‘परवडत नसेल तर दुसरा बघा.’’ सगळे खवळले. दहामोजे उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, ‘‘हा शंभराचा प्रसंग आहे.’’ त्रेसष्टपर्यंत पोचले आणि त्यांचा मोबाइल वाजला. फोन ठेवल्यावर कुठवर आलो होतो ते आठवेना, म्हणून पुन्हा एकपासून. दुसऱ्या फेरीत ऐंशीच्या आसपास टँकरवाला पाणी न ओतताच निघून गेला. त्यावर काकांनी संत एकनाथांची गोष्ट सांगितली: पैठणला एक माणूस नाथांवर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ न रागावता १०८ वेळा गोदावरीत स्नान करून आले. ‘‘त्यांना गोदावरी होती हो!’’ पहिल्या मजल्यावरच्या आजी कडाडल्या. ‘‘आम्हाला एक बादली नाही!’’

या आजींचं आणि काकांचं जुनं वाकडं आहे. खुद्द ज्ञानेश्वर लोकांच्या त्रासाला कंटाळून झोपडीची ताटी लावून आत बसले होते, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून अभंग म्हणून त्यांची समजूत काढली, हे आजींचं ठेवणीतलं अस्त्र. ‘‘आकडे नाही मोजायला लावले तिने,’’ असं त्या शेवटी जोडतात. यावर काका काय करतात ते सांगायला नकोच.

मध्यंतरी ते इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले. दिवसांचा आकडा पाहूनच गेले असावेत. पहाटे चारला उठायचं, फोन नाही, पुस्तक नाही, आणि आर्यमौन, म्हणजे खुणेनेसुद्धा बोलायचं नाही. ‘‘फार शांतता लाभली,’’ काकू मला म्हणाल्या. त्या गेल्याच नव्हत्या, घरीच होत्या. परत आल्यावर काकांनी मौनाचं महत्त्व आम्हाला साडेतीन तास समजावलं.

मात्र एक कबूल करायला हवं, माणूस वाचतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कुठल्याशा कार्यशाळेत ऐकून मुलाला राग आला की उशीला बुक्के मारायला शिकवलं होतं. काकांनी त्यांना २००२ सालचं एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं संशोधन ऐकवलं: ज्याच्यावर राग आहे त्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवणाऱ्यांचा राग कमी न होता उलट वाढला होता, काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. हे खरं आहे, मी तपासलं. वहिनींनी उशी काढून घेतली. तो मुलगा आता जिन्यातून उतरताना मोठ्याने दहा मोजतो. दर जिन्याला. उशीच बरी होती.

या सगळ्यात मला खुपायचं ते वेगळंच. काकांचा हा क्लास चालायचा आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांना रागावणं परवडतं अशांसाठी. गेटवरच्या वॉचमनमामांना कुणी कधी दहा मोजायला सांगितलं नाही. गरजच नव्हती. बारा तासांची ड्यूटी, वर ‘गेट उघडायला इतका वेळ?’ ही दिवसातून वीसदा बोलणी, आणि उत्तर ठरलेलं: ‘हो साहेब.’ ते गिळतात त्याला शिबिर नाही, पुस्तक नाही. काकांना हे कधी सुचलंच नाही असं मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात सी विंगमधला नवा गाडीवाला गेटवर आला. वॉचमनमामा टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायला गेले होते, धावत येईपर्यंत मिनिटभर गेलं असेल. काच खाली करून त्याने मामांच्या आईचा उद्धार केला. दहामोजे तेव्हा मंडईतून येत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मेथीची जुडी. आम्ही चार-पाच जण पार्किंगमध्ये होतो. आता एक, दोन, तीन ऐकायला मिळणार म्हणून मी घड्याळात बघितलंसुद्धा.

‘‘खाली उतर!’’

आवाज इतका मोठा की बी विंगच्या खिडक्या उघडल्या. ‘‘उतर आधी गाडीतून! बापाच्या वयाचा माणूस आहे तो! पगार तू एकटा देतोस का रे त्याचा? आईवरून बोलतोस?’’ प्रत्येक प्रश्नाला मेथीची जुडी बॉनेटवर आपटत होती. पानं वायपरमध्ये अडकली. अंगठा कुठल्याच पेरावर नव्हता. गाडीवाला उतरला, काहीतरी पुटपुटला, त्याला ‘सॉरी’ म्हणता येईल. उरलेले देठ हातात धरून काका तसेच उभे राहिले, थरथरत, आणि मग सगळं बोलून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. ‘‘एक... दोन...’’ आमच्यातलं कुणी हललं नाही. सातला त्यांनी डोळा उघडला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

गाडीवाल्याने सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. नियमाप्रमाणे काकांना समज देणारी नोटीस काढणं भाग होतं. अडचण एवढीच की कमिटीत शुद्ध मराठी लिहिणारे दहामोजे एकटेच. त्यांनी स्वतःविरुद्धचा मसुदा रात्रीत तयार केला, ‘सभासदांनी आवारात संयम पाळावा’ हे वाक्य अधोरेखित केलं, सेक्रेटरीने सुचवलेल्या दुरुस्तीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारली आणि तीन प्रती काढून वॉचमनमामांकडे बोर्डवर लावायला दिल्या.

मामांनी तिन्ही प्रती लावल्या. पाणीकपातीच्या सूचनेच्या मागे.