बसतंय की!

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यातल्या खांबापाशी १९९४ सालची एक पांढरी मारुती ८०० उभी असते. रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडं असतं आणि कमरेखालचा लेंगा तेवढा बाहेर दिसतो. नमस्कार करायचा तो त्या लेंग्यालाच. आतून "ये, जरा टॉर्च धर" असं उत्तर आलं की समजावं, बसतंय काका कामावर हजर आहेत.

त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. पण कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला लावून बघायची, एक डोळा मिटायचा, अंगठ्याने दाबायचं आणि "बसतंय की!" म्हणून मोकळं व्हायचं, या सवयीने त्यांचं बारसं कधीच झालंय. घरातल्या मिक्सरचं भांडं एका मेकचं, झाकण दुसऱ्या मेकचं. चष्म्याची उजवी काडी आधीच्या चष्म्याची. अशा माणसाच्या हाती गाडीही नेमकी अशी पडली, की जिचं उत्पादन १९८३ पासून २०१४ पर्यंत चाललं. मधल्या काळात १९८६ ला तिची अंगकाठी बदलली, पुढे चेहरामोहरा बदलला, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आलं. तुम्हा-आम्हाला ही मॉडेलं वाटतात. काकांच्या लेखी एकाच गाडीचे हे तीस वर्षांचे स्पेअर पार्ट.

तीन उन्हाळ्यांपूर्वी गाडीच्या एसीचा कंप्रेसर जाम झाला. मेकॅनिकने हात पुसत सांगितलं, "काका, नवा सेट टाका, नाहीतर काचा खाली करा." काकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी डायरी काढली आणि वर लिहिलं: '२००४ चा कंप्रेसर.'

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण काका ते जिन्यात भेटेल त्याला सांगतात. काकांच्या गाडीत गॅस होता आर-१२. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलला जगाने करार केला, १९९२ साली भारतही त्यात आला आणि पुढच्या गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आला. नुसता गॅस बदलून भागत नाही. जुन्या कंप्रेसरमधलं मिनरल ऑइल या नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. गॅस फिरत राहतो, तेल वाटेत कुठेतरी बसून राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुन्या होज पाइपच्या रबरातून नवा गॅस हळूहळू झिरपतो. ड्रायरच्या बाटलीतले ओल शोषणारे दाणेसुद्धा वेगळे लागतात. आणि एका गॅसच्या जागी दुसरा चुकूनही भरला जाऊ नये म्हणून चार्जिंगची तोंडं मुद्दाम निराळी ठेवलेली असतात. हे 'मुद्दाम' काकांना फार लागलं. "म्हणजे माझ्यासारख्याला अडवायलाच केलंय," ते म्हणाले. ते खरंच होतं.

कंप्रेसरच्या शोधात नाना पेठ झाली, जुना बाजार झाला. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे गाड्या सुट्या होऊन फळीवर मांडलेल्या असतात, तिथे तो मिळाला. मी टॉर्चवाला म्हणून बरोबर होतो. काकांनी आधी क्लच बोटाने फिरवून बघितला, मग तोंडाशी नाक नेऊन तेलाचा वास घेतला. जळका वास नाही, म्हणजे आतून शाबूत. दुकानदार म्हणाला, "काका, आपकी गाडी में नहीं बैठेगा." काकांनी लगेच पैसे मोजले. 'बसणार नाही' या दोन शब्दांवर हा माणूस हमखास खरेदी करतो.

येताना दादरला डेक्कन क्वीन पकडली. काकूंच्या जुन्या लाल शालीत गुंडाळलेला कंप्रेसर काकांच्या मांडीवर होता. समोरच्या आजींनी कर्जत येईपर्यंत दोनदा हात जोडले. तिसऱ्या वेळी काकांनी शाल बाजूला करून सांगितलं, "२००४ चं मॉडेल." आजींनी जोडलेले हात तसेच ठेवले, उत्तरपूजा अर्धवट कशी सोडायची?

घरी आल्यावर कळलं की ब्रॅकेटची चारपैकी तीन भोकं जुळतात. चौथं तीन मिलिमीटर बाहेर. सामान्य माणूस इथे खचतो. काकांचा चेहरा मात्र उजळला, कारण सगळंच आयतं बसलं असतं तर पुढचे चार रविवार करायचं काय? कानस घेऊन त्यांनी ते भोक लांबवलं. पुली पट्ट्याच्या रेषेत येईना म्हणून टर्नरकडून वॉशर उतरवून आणले. नवे होज आले, नवा ड्रायर आला, ओ-रिंग बदलल्या, पाइप आतून धुऊन काढले, तेल नव्या गॅसला चालणारं भरलं. व्हॅक्यूम मारला, गॅस भरला, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले. इतकं नवं सामान लागलं की मूळचा 'नवा सेट' स्वस्तात पडला असता. हा हिशेब काकूंनी मांडला. काकांनी तो ऐकला आणि टॉर्च माझ्याकडून काढून त्यांच्या हातात दिला.

मग त्यांना एमपीएफआयच्या वायरिंगचा मोह झाला. तो मात्र मी हाणून पाडला. जुन्या गाडीत बटण दाबलं की कंप्रेसर लागतो. इंजिनावर भार येऊन ते आचके देऊ नये म्हणून त्याच वेळी एक छोटा व्हॉल्व्ह कार्ब्युरेटरची आयडलिंग वाढवतो. एमपीएफआयमध्ये बटण दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. तो संगणकाकडे जातो, संगणक इंजिनाची तब्येत बघतो आणि मग मंजुरी देतो. "काका, ज्याच्याकडे अर्ज करायचा तो साहेबच तुमच्या गाडीत नाही," मी म्हटलं. काकांनी उभी हयात सरकारी कचेरीत काढलेली. मुद्दा जागेवर पटला.

चाचणी मे महिन्यात, भर दुपारी बाराला. मागच्या सीटवर मी, पुढे काकू, आणि एसीच्या झडपेत खोवलेला थर्मामीटर. काका तोंडाने आकडे पुकारत होते. तेहतीस... सव्वीस... एकोणीस... चौदा! गाडीत खरोखर गारवा पसरला. एवढ्यात काकू म्हणाल्या, "माझे पाय ओले होताहेत."

झालं होतं असं: काकांनी जाता जाता कूलिंग कॉइलचा डबाही पुढच्या मॉडेलचा टाकला होता. थंड कॉइलवर हवेतली वाफ साचून पाणी होतं आणि ते एका नळीतून गाडीखाली जातं. या डब्याची नळी मूळ भोकापासून अर्धा इंच आधीच संपत होती. काका मोठ्या आनंदाने म्हणाले, "अगं, पाणी येतंय म्हणजे एसी चालतोय!" काकूंनी घरून श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा आणला आणि पायाशी ठेवला. गेले तीन उन्हाळे नळी वाढवायचं काम 'येत्या रविवारी' व्हायचं आहे. डबा भरला की काकू गाडी थांबवायला लावतात आणि रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाला पाणी घालतात. पुणे-सातारा रस्त्यावरची काही झाडं यावर तगून आहेत.

साताऱ्याचाच प्रसंग. एका लग्नाला आम्ही त्या गाडीतून निघालो. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी काकांनी एसी बंद केला आणि काच खाली केली. ७९६ सीसीचं इंजिन, ३७ घोडे, त्यातले तीन-चार कंप्रेसरने नेले तर चौघांना वर कोण चढवणार? गरम वारा तोंडावर घेत काका म्हणाले, "काही म्हण, मोकळ्या हवेसारखं सुख नाही." मी काही म्हटलं नाही. या माणसाला गारव्याची हौस कधीच नव्हती, हे मला त्या घाटात कळलं. चौथं भोक जुळतं तेव्हा बोटाला जो हलकासा 'टक्' जाणवतो, त्यासाठी ही सगळी खटपट. एसी हे निमित्त. हार्मोनियम हाती आली असती तर तिची पट्टी दुसऱ्या मॉडेलची निघाली असती.

अशी माणसं तुमच्याही पार्किंगमध्ये असतात. त्यांना हसा, पण "कशाला एवढा त्रास?" असं विचारू नका, उत्तर ऐकण्यात रविवार जाईल. "बसतंय" म्हणाले तर "आणि चालतंय का?" एवढं मात्र जरूर विचारा, तेही काकूंना.

गेल्या महिन्यात काकांनी पुढच्या मॉडेलचा मोठा कंडेन्सर आणून बसवला. जाळीमागची पट्टी थोडी कापावी लागली, पण बसला. गारवा वाढला का, हे मी काकूंनाच विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढच्या सीटखाली बोट दाखवलं. अर्ध्या किलोचा डबा जाऊन तिथे आता एक किलोचा आला आहे.